जलतरंग ऐकू येतंय का?

हात वर करणं मला लहानपणापासून जमलं नाही. चौथीपर्यंत शाळेत गेले, तेव्हाही गुरुजींनी विचारलेलं येत असलं तरी माझा हात मांडीवरच राहायचा. मी शेजारच्या मुलीच्या कानात उत्तर सांगायची, ती हात वर करायची आणि शाबासकी घ्यायची. मला त्याचं वाईटही वाटत नसे. अशा बाईला कारखानीस सरांनी जे काम दिलं ते नेमकं हात वर करण्याचं.

बडोद्यात युनिव्हर्सिटीचं संगीताचं कॉलेज आहे, तिथे मी आया होते. मालक रेल्वेत होते, आम्ही मूळचे जळगावकडचे. सकाळी खोल्या उघडायच्या, झाडायचं, वाद्यांवरच्या खोळी काढून नीट घड्या घालायच्या, माठ भरायचे, चहा करायचा. कारखानीस सर तिथे प्रोफेसर. शिकवायचे व्हायोलिन, पण त्यांचा जीव वृंदात. वृंद म्हणजे वीसबावीस जण एकत्र बसून एकच चीज वाजवतात ते. सतारी, सरोद, दिलरुबा, बासऱ्या, व्हायोलिनं, तबले, आणि उजव्या कोपऱ्यात युसुफभाईंचं जलतरंग. सर सगळ्यांच्या समोर उभे राहत आणि नुसते हात हलवत.

नवी होते तेव्हा मला हे कोडंच पडलं होतं. एकदा चहा देताना मी युसुफभाईंना हळूच विचारलं, "सर स्वतः काहीच वाजवत नाहीत. मग पगार कशाचा?"

युसुफभाई मोठ्यानं हसले. "ए तो अमारा ट्राफिक पोलीस छे, बेन. ना होय तो बधा अथडाय!" म्हणजे हे नसले तर सगळे एकमेकांवर आदळतील. आणि मग माझा प्रश्न त्यांनी सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा सरांना सांगितला. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. सर चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "बाईंचा प्रश्न बरोबर आहे. आमचा पगार थांबवायचा. वाजवतात सगळेच, थांबवणारा एक लागतो."

सरांचं थांबवणं बघण्यासारखं होतं. दोन्ही हात खांद्याइतके वर, मग दोन्ही मुठी बंद, जशी हवेतली दोन पाखरं पकडली. त्याबरोबर बावीस माणसं गप्प.

त्यांच्या सवयी मला सगळ्या माहीत होत्या, कारण मला बघण्याशिवाय काही येत नव्हतं. फतेगंजातून सायकलवर यायचे. पॅन्टला क्लिप लावलेली असायची ती काढायला विसरायचे, आणि एक पाय चिमटलेला तसेच दिवसभर फिरायचे. वृंदासमोर उभं राहण्याआधी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकायचे. कुणाला रागावायचे नाहीत. एखादा मुलगा फार मोठ्यानं वाजवायला लागला की मुठी बंद करून सगळ्यांना थांबवायचे आणि त्या मुलाला फार अदबीनं विचारायचे, "आपण एकटेच आलात का?" एवढंच. मुलगा लाल व्हायचा. कॉलेजात ते वाक्य पसरलं होतं. कँटीनमध्ये कुणी सगळी भजी स्वतःच्या ताटात ओढली की पोरं म्हणायची, "आपण एकटेच आलात का?"

पण खरे एकटे आले होते ते सरच. त्यांची बायको मी नोकरीला लागण्याआधी गेली होती. मूलबाळ नव्हतं. डबा स्वतःच करून आणायचे, आणि त्यात रोज वरणभात. कॉलेजातल्या बाकीच्यांचे डबे एकत्र उघडायचे, सर तंबोऱ्यांच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून जेवायचे. एकदा मी धीर करून म्हटलं, "सर, पोळीभाजी नाही का कधी?" तर म्हणाले, "एकट्यासाठी लाटलेली पोळी गोल होत नाही हो, सुमनबाई. बराच प्रयत्न केला." मी दुसऱ्या दिवशी दोन पोळ्या जास्त आणल्या. त्यांनी घेतल्या, पण तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आता नको. सवय लागेल."

माझं ते काम सुरू झालं उत्तरायणाच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या दिवशी. त्या दिवशी बडोद्यात माणूस जमिनीवर सापडत नाही, सगळं गाव गच्चीवर पतंगांमागे. कॉलेजला सुट्टी. मी माझी पिशवी कॉलेजात विसरले होते, ती आणायला गेले तर हॉल उघडा. आत सर. त्यांनी जलतरंगाचे वाडगे मांडले होते, पाणी भरलं होतं, आणि ते एका वाडग्यावर काडी मारायचे आणि शेवटच्या रांगेकडे धावत सुटायचे. खरंच धावायचे. पन्नाशीचा माणूस, एका पायाला सायकलची क्लिप, खुर्च्यांच्या मधून पळत येऊन शेवटच्या खुर्चीत धपकन बसायचा आणि कान द्यायचा. मग उठून परत.

मी दाराशी उभी राहून हसले असणार, कारण त्यांनी मला बघितलं.

"सुमनबाई, आवाज माझ्याआधी पोचतो," ते दम खात म्हणाले, "आणि मी पोचेपर्यंत संपतो. हे एकट्याचं काम नाही. तुम्ही तिथे बसा बघू."

मी बसले. बाहेर पतंग कापला की पोरं 'काप्यो छे' म्हणून ओरडत होती. सरांनी काडी मारली. टिंग. थेंब पडल्यासारखा, पण लांबून.

"आलं ऐकू?"

मी मान हलवली. इतक्या लांबून त्यांना मान दिसेना.

"असं करा," ते म्हणाले. "ऐकू आलं तर काही करू नका. नाही आलं तर हात वर करा."

त्या दिवसापासून प्रत्येक तालमीला मी शेवटच्या रांगेत मधल्या खुर्चीत बसायची. सर मध्येच वृंद चालू असताना मागे वळून माझ्याकडे बघायचे. जलतरंग ऐकू येत नसलं तर मी हात वर करायचा. सर मुठी बंद करायचे आणि म्हणायचे, "पाणी बुडालं. परत." मग सगळे थोडं हळू वाजवायचे.

मी म्हटलं होतं, मला संगीतातलं काय कळतं, एखाद्या मुलाला बसवा. सर म्हणाले, "मुलांना माहीत असतं की आता जलतरंग वाजतंय, म्हणून त्यांना ते ऐकू येतं. तुम्हाला माहीत नसतं, म्हणून तुम्हाला खरं तेवढंच ऐकू येतं." आणि जलतरंगच का, तर ते सगळ्यांत नाजूक. ते शेवटच्या रांगेत पोचलं म्हणजे बाकीचे एकमेकांचं ऐकून वाजवताहेत. नाही पोचलं म्हणजे प्रत्येक जण एकटाच आलाय.

माझा हात काही नीट वर जायचा नाही. पदर सारखा केल्यासारखा कानापर्यंत जायचा आणि खाली यायचा. मुलं हसायची. सरांनी एकदा त्यांना गप्प केलं आणि मला म्हणाले, "कानापर्यंत पुरे. मला दिसतो."

आता युसुफभाईंबद्दल सांगायला हवं. ते प्रोफेसर नव्हते, विद्यार्थी नव्हते. महाराजांच्या वेळी त्यांचे आजोबा राजवाड्यात वाजवायचे. कॉलेजात त्यांना हंगामी म्हणून घेतलं होतं, दर वर्षी नवा कागद यायचा. चिनी मातीचे वाडगे त्यांच्या घरचे, आजोबांपासूनचे. पाण्याबद्दल फार चिकित्सा. नळाचं ताजं पाणी चालायचं नाही, आदल्या दिवशी भरून ठेवलेलं हवं. ते भरून ठेवायचं काम माझं. मग ते चमच्यानं एकेका वाडग्यातलं पाणी कमीजास्त करत बसायचे, आणि कुणी जवळून धपधप चाललं तरी खेकसायचे. सरांशी त्यांची सतत जुंपलेली असायची.

"युसुफभाई, जरा लवकर."

"साहेब, तमे हाथ हलावो. पाणी हुं हलावीश."

पण पाच वाजता सगळे गेले की हे दोघं हॉलमध्ये बसायचे. फार बोलायचे नाहीत. युसुफभाई वाडगे पुसायचे, सर खोळी घालायचे, जे खरं माझं काम होतं. मी म्हटलं की "राहू द्या, मी करते," तर सर म्हणायचे, "घरी माझी कुणी वाट बघत नाही, तुमची बघतात. तुम्ही निघा." मी निघाले तरी मागे वळून बघायची. मोठ्या हॉलमध्ये एवढीएवढीशी दोन माणसं, खोळी घातलेल्या वाद्यांमध्ये, जशी झोपलेल्या मुलांच्या मधे.

मग दिवस पालटत गेले. घराघरांत केबल आली, फतेगंजात चकचकीत दुकानं उघडली. नवरात्रातले गरबे मोहल्ल्यातून मोठाल्या मैदानांवर गेले, स्पीकरच्या भिंती उभ्या राहिल्या. वृंदातली निम्मी मुलं त्या गरब्यांच्या ग्रुपमध्ये वाजवायला जायची, आणि नवरात्र नऊ दिवसांचं असलं तरी त्यांच्या तालमी दोन महिने आधीपासून. सर त्यांना अडवत नसत. इकडे दिलरुबा शिकायला कुणी येईना, म्हणून दिलरुबा गेला. सरोद एकच राहिला. खोळी काढायचं माझं काम दर वर्षी हलकं होत गेलं.

केतन नावाचा एक मुलगा होता, सतारीचा. चांगला मुलगा, मला 'मावशी' म्हणायचा. त्यानं गरब्याच्या कमाईतून कीबोर्ड घेतला आणि कॉलेजात आणला. एक बटण दाबलं की बासरी, दुसरं दाबलं की सरोद. पोरांची झुंबड. "मावशी, ऐका," म्हणून त्यानं अजून एक बटण दाबलं आणि त्यातून जलतरंग निघालं. सगळे युसुफभाईंकडे बघायला लागले. युसुफभाई जवळ गेले, वाकून पेटीच्या खाली बघितलं आणि विचारलं, "पाणी क्यां भरे छे?" सगळे हसले. तेही हसले, पण परत जाऊन बसले तेव्हा चमचा उगीचच वाडग्यात फिरवत राहिले.

तेव्हाचे विभागप्रमुख नवीन होते, त्यांना कीबोर्ड फार आवडला. त्यांचं म्हणणं, वृंदात माणसं कमी पडताहेत तर हे घ्या, सगळं भरून निघेल. सरांना ते नको होतं. पण सरळ नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते म्हणाले, "वाजवून बघू. शेवटच्या रांगेत जलतरंग ऐकू आलं तर कीबोर्ड राहील. नाही आलं तर बाहेर." प्रमुख कबूल झाले.

सर माझ्याकडे आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला आधी येऊन सांगितलं. "सुमनबाई, उद्या नीट ऐका."

मी "हो" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या खुर्चीकडे गेले तर शेवटची रांग भरलेली. प्रमुखांनी पाहुणे बोलावले होते, कुठलीशी कमिटी. कोट घातलेले गृहस्थ, अत्तराचा वास, माझ्या खुर्चीच्या डाव्या बाजूला रेशमी पाटोळा नेसलेली एक बाई. मला वाटलं उभीच राहावं. पण सरांनी स्टेजवरून माझ्या खुर्चीकडे बोट दाखवलं, म्हणून बसले. त्या बाईंनी पाटोळ्याचा काठ माझ्या बाजूनं थोडा आवरून घेतला. मुद्दाम नसेल. माझ्या साडीला फिनेलचा वास येत होता हे मला त्या क्षणी कळलं.

सरांनी घड्याळ खिशात टाकलं. वृंद सुरू झाला. कीबोर्डचा स्पीकर माझ्या समोरच होता. आवाज असा भरून आला की खुर्चीचा पत्रा थरथरला. पाहुण्यांच्या माना डोलायला लागल्या. युसुफभाईंच्या काड्या हलत होत्या. मला त्या दिसत होत्या. आवाज नव्हता. एक थेंबसुद्धा नाही.

सर मागे वळले.

मला हात वर करायचा होता. हात मांडीवर होता आणि मी त्याच्याकडे बघत होते, जसा दुसऱ्या कुणाचा आहे. वाटलं, आता हात वर केला तर ही सगळी माणसं वळून बघतील, ही झाडूवाली काय करतेय म्हणून. सर बघत होते. नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत होते. मी मान खाली घातली.

पुन्हा वर बघितलं तेव्हा सरांची पाठ होती. वृंद शेवटपर्यंत वाजला. टाळ्या झाल्या.

कीबोर्ड राहिला. वार्षिक कार्यक्रमात तोच घुमला. आणि पुढच्या वर्षी युसुफभाईंचा कागद आला नाही. प्रमुख म्हणाले, जलतरंग कुणाला ऐकूच येत नाही, मग त्यासाठी माणूस कशाला? सर दोनदा त्यांच्या खोलीत जाऊन आले, तिसऱ्यांदा गेले नाहीत.

युसुफभाई वाडगे न्यायला आले. एकेक वाडगा जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून खोक्यात ठेवला. मला म्हणाले, "सुमनबेन, पेलुं पाणी ढोळी नाखजो." आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी होतं, मी सवयीनं भरलं होतं. मी ते मागच्या चाफ्याच्या बुंध्याशी ओतलं. परत आले तोवर त्यांची रिक्षा निघाली होती, आणि सर फाटकाशी उभे होते, एका पायाला क्लिप.

मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. पुढे निवृत्त होईपर्यंत तीन वर्षं वृंद घेतला. मी शेवटच्या रांगेत बसतच होते, पण ते मागे वळले नाहीत. कधीच नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. निरोपाला शाल, नारळ झाला. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "पाण्याचे माठ झाकून ठेवत जा." फतेगंजातलं भाड्याचं घर सोडून ते हरणीला पुतण्याच्या फ्लॅटवर राहायला गेले.

मीही पुढे सुटले कामावरून. मालक गेले. घरात एकटी बसले की मला शेवटची रांग आठवायची. एका हिवाळ्यात खंडेराव मार्केटमध्ये पोंक दिसला, म्हणजे कोवळ्या ज्वारीचे भाजलेले हिरवे दाणे. सरांना आवडायचा. तो घेतला, शेव घेतली आणि शटल रिक्षात बसून हरणीला गेले. सोसायटीच्या फाटकावर वॉचमननं नाव लिहून घेतलं. तिसरा मजला.

सरांनी दार उघडलं. फार वाळले होते. माझ्या मागे कुणी आहे का बघितलं आणि हसले. "आपण एकट्याच आलात का?"

मला रडू आलं, ते मी पोंकाची पुडी सोडण्यात लपवलं. पुतण्या आणि त्याची बायको कामावर गेले होते. सरांची खोली गॅलरीला लागून. व्हायोलिनची पेटी कपाटावर, तिच्यावर घडी केलेल्या चादरी. विमानतळ जवळ, दर थोड्या वेळानं विमान जायचं आणि बोलणं थांबायचं.

मी घरून ठरवून आले होते, तसं एका दमात सांगून टाकलं. "सर, त्या दिवशी मला ऐकू आलं नव्हतं. मी हात वर केला नाही. माझ्यामुळे युसुफभाई गेले."

सरांनी पोंकाचे दाणे तळहातावर घेतले होते, ते तसेच राहिले.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "मी तर समोर होतो, सुमनबाई. काड्या हलताना दिसत होत्या. मला तरी कुठे ऐकू येत होतं?"

"मग तुम्ही थांबवलं का नाही?"

"तुमच्या हाताची वाट बघत होतो." त्यांनी तळहातावरचे दाणे बोटानं सारखे केले. "ते सगळे कोटवाले बसले होते. वाटलं, मी थांबवलं तर म्हणतील, हा जुना झालाय, याला नवं सोसत नाही. तुम्ही हात वर केला असता तर मला म्हणता आलं असतं, माझं काही नाही बुवा, शेवटच्या रांगेतून आलंय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "थांबवायचा पगार मी घेत होतो. आणि काम तुमच्यावर टाकलं. म्हणून नंतर मागे वळायला तोंड नव्हतं."

एवढी वर्षं मला वाटत होतं ते माझ्यावर नाराज आहेत.

"युसुफभाई?" मी विचारलं.

"ईदला गेलो होतो. पोरांकडे असतो. रागबिग काही नाही, उलट म्हणाला, साहेब, हवे तो तमे पण पाणी विनाना. म्हणजे आता मीही बिनपाण्याचा. शेवया आणल्या सुनेनं. वाडगा हातात घेतला आणि ओळखला. पंचमाचा होता." सरांनी दाणे तोंडात टाकले, सावकाश चावले. "त्यातच खाल्ल्या. काय करणार."

आम्ही चहा घेतला. तो त्यांनीच केला, साखर विसरले. मी तसाच प्यायले. निघताना पाया पडायला वाकले तर मागे सरकले, म्हणाले, "नको, नको. आपण एकाच रांगेतले."

त्यांना मी बघितलं ते त्या दिवशी शेवटचं. खाली उतरून फाटकापर्यंत आले आणि सवयीनं मागे वळून बघितलं. सर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभे होते, कठड्यावर वाकून मला काहीतरी सांगत होते. तेवढ्यात डोक्यावरून विमान आलं. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, आवाज नव्हता.

फाटकाशी वॉचमन होता, दोन बायका भाजी घेत होत्या, शाळेची रिक्षा उभी होती. मी पिशवी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात वर केला. कानापर्यंत नाही. पूर्ण वर, कोपर सरळ होईपर्यंत. बायका वळून बघायला लागल्या. बघू देत.

सर बोलायचे थांबले. त्यांनी दोन्ही हात खांद्याइतके वर उचलले आणि दोन्ही मुठी बंद केल्या. आणि तसेच उभे राहिले, विमान लांब जाईपर्यंत. मीही हात खाली घेतला नाही.

मग सगळं शांत झालं तेव्हा त्यांनी मुठी उघडल्या आणि पुन्हा म्हणाले, "पिशवी विसरली नाहीत ना, विचारत होतो."

"नाही, सर," मी खालून म्हटलं. "आहे."